क्रूगरमध्ये फक्त पक्ष्यांसाठी नऊ रात्री: धान निघाल्यावर कधी जावं, कुठे थांबावं?

बोडीकाठ (अर्जुनी मोरगाव)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं. दोघं धानवाले, एक मास्तर, एक कृषी केंद्रवाला. नवेगावबांध, इटियाडोह आणि आसपासच्या बोड्यांवरचे पक्षी बऱ्यापैकी ओळखतो, सारस गणनेत दरवर्षी असतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याच्या गाडीनं, स्वतः चालवत, नऊ रात्री काढायच्या म्हणतो. सिंह दिसला तर रामराम, नाही दिसला तरी तक्रार नाही. पक्षी बघायचे आहेत.

भारी धान कापून, चुरून, केंद्रावर नेईपर्यंत डिसेंबर अर्धा सरतो. उन्हाळी धानाची रोवणी जानेवारीच्या शेवटाला लागते. या फटीत जावं की सरळ मे महिन्यात? कोणत्या कॅम्पवर किती रात्री काढाव्या? दुर्बिणी दोनच आहेत, त्याही १०×५०. आणि तपकिरी गरुड बसलेला दिसला की आमच्यात इथंच चार मतं होतात, तिथं तर जाती दुप्पट. त्यासाठी काही पक्क्या खुणा असतील तर सांगा जी.

तलावफेरी (भंडारा)

भाऊ, मे महिना सोडून द्या. मे म्हणजे तिकडचा हिवाळा, कोरडा. झाडी विरळ होते, जनावरं पाणवठ्यावर येतात, म्हणून टूरवाले तोच काळ विकतात. पण एप्रिल संपेपर्यंत पाहुणे पक्षी निघून गेलेले असतात: युरोपियन रोलर, युरोपियन वेडा राघू, वुडलँड किंगफिशर, कार्माइन बी-ईटर, वाहलबर्ग्ज ईगल, झाडून सगळ्या कोकिळा. शिवाय सुगरणी आणि विडोबर्ड तेव्हा विणीच्या पिसांत नसतात. सगळे चिमणीसारखे पिवळट-तपकिरी दिसतात आणि ओळखताना जीव जातो.

तुमची फट नेमकी तिकडच्या भर उन्हाळ्यात येते, ही चांगली गोष्ट. फक्त एक मेख आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिकडे शाळांना मोठी सुट्टी असते. कॅम्प आधीच भरलेले असतात आणि पक्षी-आडोशात (लपून पक्षी बघायच्या खोपीत) बसायला जागा मिळत नाही. शाळा उघडल्या की दुसऱ्याच आठवड्यात गर्दी ओसरते. म्हणून जानेवारीचा तिसरा आठवडा धरा. पऱ्हे डिसेंबरमध्येच टाकून ठेवा आणि रोवणी चार-सहा दिवस पुढं ढकला. ते जमत नसेल तर फक्त दोघा बिगरशेतकऱ्यांनी जावं, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

वेळा लक्षात घ्या. नोव्हेंबर ते जानेवारी कॅम्पचं फाटक पहाटे ४:३० ला उघडतं, उद्यानाचं बाहेरचं प्रवेशद्वार ५:३० ला. दोन्ही संध्याकाळी ६:३० ला बंद. मे ते जुलैत हाच दिवस ६ ते ५:३० एवढाच असतो. मुक्काम आत असला तर पहाटेचा जास्तीचा तास मिळतो, आणि पक्ष्यांसाठी तोच तास सोन्याचा. उशिरा परतलात तर दंड होतो, कारणं ऐकत नाहीत.

पावसाचं म्हणाल तर दुपारनंतर गडगडाटी सरी येतात. पाऊस झाला की मातीचे रस्ते बंद करतात. मोठ्या पुरानंतर काही रस्ते महिनोन्महिने बंद राहतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात उद्यानाच्या सूचना वाचा. पारा चाळिशीला जातो. चंद्रपूरच्या माणसाला त्याचं काय, पण हवा दमट असते आणि गाडीत बसून घाम येतो.

पांदणरस्ता (ब्रह्मपुरी)

कॅम्पचं गणित सांगतो. आधी एक सवय मोडावी लागेल. ताडोब्यात जिप्सी या गेटवरून त्या पाणवठ्यावर धावते, वाघाचा इशारा देणारा कॉल आला की सगळे तिकडे. क्रूगरमध्ये पक्ष्यांसाठी ताशी १५-२० किलोमीटर धरा, थांबे मिळून. नियमानं डांबरी रस्त्यावर कमाल ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४०, पण ५० नं गाडी हाकली तर खिडकीतून फक्त धनेश आणि शहामृग दिसतील.

उद्यान उत्तर-दक्षिण सुमारे ३५० किलोमीटर लांब, क्षेत्र जवळपास २०,००० चौरस किलोमीटर. नऊ रात्रींत सगळं उरकायला गेलात तर पक्षी राहतील आणि डांबर बघून याल. माझी मांडणी अशी: लोअर साबी ४, सटारा ३, लेटाबा २, आणि फालाबोरवा गेटनं बाहेर.

विमान जोहान्सबर्गला दुपारनंतर उतरत असेल तर त्या दिवशी निघू नका. क्रोकोडाइल ब्रिज गेटपर्यंत पाच तासांहून जास्त लागतात, फाटक ६:३० ला बंद होतं आणि रात्री त्या रस्त्यांवर गाडी चालवणं शहाणपणाचं नाही. विमानतळाजवळ झोपा, पहाटे निघा. गेटपासून लोअर साबी ३४ किलोमीटर, त्याला दोन तास ठेवा.

लोअर साबीला चार रात्री कशाला, असं विचाराल. कॅम्पच्या फाटकापासून किलोमीटरभरावर सनसेट डॅम आहे. रस्त्याला लागूनच पाणी, गाडी अगदी काठाशी लागते. येलो-बिल्ड स्टॉर्क (आपल्या चित्रबलाकाचा भाऊ), माराबू, वॉटर थिक-नी, वाळलेल्या झाडांवर सुगरणींची घरटी, पाणघोड्याच्या पाठीवर बगळे. तिथं पहाटे दीड तास आणि संध्याकाळी तासभर, दोन दिवस बसा. कॅम्पजवळच नदीवर बुटका पूल आहे, तिथं खंड्यांच्या जाती एकामागून एक दिसतात: पाइड, मालाकाइट, जायंट. लोअर साबी ते स्कुकुझा हा एच४-१ रस्ता साबी नदीला धरून जातो, सुमारे ४५ किलोमीटर. उद्यानातली सर्वांत जास्त वर्दळ याच रस्त्यावर. पहाटे ४:३० ला निघून आठच्या आत निम्मा संपवा. स्कुकुझाजवळ लेक पॅनिकचा आडोसा आहे, लाकडी, बाकांचा. आफ्रिकन जकाना (कमळपक्षी), ब्लॅक क्रेक, ग्रीन-बॅक्ड हेरॉन अगदी समोर येतात. नशीब असेल तर आफ्रिकन फिनफूट. आत कुजबुज करायची, मोबाइल मुका ठेवायचा, आणि खिडकीतून हात बाहेर काढून बोट दाखवायचं नाही. बाकीचे लोक एवढ्याच गोष्टीवर चिडतात.

सटाऱ्याला सातारा म्हणू नका हो, संबंध नाही. जमीन मोजणाऱ्या हिंदी माणसानं टाकलेल्या 'सतरा' या आकड्यावरून नाव पडलं असं सांगतात. तिथं गवताळ माळ आहे. कोरी बस्टर्ड, सेक्रेटरी बर्ड, शहामृग, उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांपैकी हॅरियर. वरोऱ्याकडच्या लोकांना माळढोकासाठी जे करावं लागतं तेच इथं करायचं: मान हलतेय का ते बघायचं. जानेवारीत गवत कमरेएवढं असतं, पक्षी उभा असला तरी फक्त डोकं दिसतं. म्हणूनच गाडी उंच घ्या. सेडान स्वस्त पडते, पण तिच्या खिडकीतून गवताची पाती मोजत बसावं लागतं.

लोअर साबी ते सटारा ९३ किलोमीटर. पक्षी बघत जायचं तर पहाटे निघून दुपारी एकला पोचाल. सटारा ते लेटाबा ६९.

मुक्काम बदलायचा दिवस सोडला तर सकाळी १० ते ३ गाडीत फिरू नका. कॅम्पला कुंपण असतं, आत पायी हिंडता येतं, आणि झाडांखाली जेवढ्या जाती मिळतात तेवढ्या कधी कधी रस्त्यावर मिळत नाहीत. दुपारच्या उन्हात कॅम्पमधल्या नळाखाली, ठिबकणाऱ्या पाण्याशी बसा. अंधार पडला की सटाऱ्याच्या झाडांत आफ्रिकन स्कॉप्स आउल बोलतो. टॉर्च त्याच्या डोळ्यांत मारू नका, बुंध्यावर मारा, तेवढा उजेड पुरतो.

रानपिंगळा (परतवाडा)

पांदणरस्ता दादांच्या मांडणीत उत्तर टोक नाही. माझ्या मते तिथंच खरी मौज आहे: पाफुरी. लुवुव्हू नदीच्या पुलावर गाडीतून उतरायची मुभा आहे. ट्रम्पेटर हॉर्नबिल, बोहम्स आणि मॉटल्ड स्पाइनटेल, नदीकाठच्या दाट झाडीतला पेल्स फिशिंग आउल, हे दक्षिणेत बसून मिळत नाही. मांडणी: लोअर साबी ३, सटारा २, शिंगवेड्झी २, पुंडा मारिया २. किंमत मोजायची ती अशी की सटारा ते शिंगवेड्झी १७८ किलोमीटर एका दिवसात. तो दिवस पक्ष्यांचा नाही, गाडीचा. पहिलीच फेरी असेल आणि गाडी चालवणारा एकच असेल तर दादांचं ऐका.

आता गरुड. रंग बघूच नका. टॉनी ईगल पिवळसर दाण्यापासून चॉकलेटी रंगापर्यंत कोणत्याही छटेत असतो. चोच, पाय, शेपूट, या क्रमानं बघा.

बसलेला मोठा तपकिरी गरुड दिसला की दुर्बीण सरळ तोंडाच्या कोपऱ्यावर. पिवळी फट डोळ्याच्या मध्याखाली संपली तर टॉनी. डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेली तर स्टेप ईगल. डोकं सरळ बाजूनं दिसलं तरच ही खूण लागू होते. तिरपं असेल तर फट लांब वाटते आणि सगळे स्टेप होऊन जातात. मग पाय. टॉनीच्या मांडीला ढगळ पायजमा असतो. लेसर स्पॉटेड ईगलच्या पायांना घट्ट चुडीदार. पाय मुळी पिसांचेच नाहीत, उघडे, पांढुरके. डोकं घुबडासारखं गोल आणि डोळा मोठा पिवळा: तो ब्राउन स्नेक ईगल. गरुडात गणू नका, सापमाराच्या घरातला आहे. वाळक्या झाडाच्या शेंड्यावर ताठ बसतो.

लहानखुरा, डोक्यामागे बारीकशी शेंडी, डोळा काळसर, तो वाहलबर्ग्ज. उडताना पंख सरळ आडवे आणि शेपूट लांब, मिटलेली, खालून बघितलं तर अधिकचं चिन्ह. एकदा ही आकृती डोळ्यात बसली की परत चूक होत नाही.

पोट पांढरं आणि छाती गडद असे दोन आहेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या 'मार्शल ईगल'च्या फोटोंपैकी बरेच दुसऱ्याचे असतात. मार्शल: पोटावर ठिपके, पायांवर पिसं, उडताना पंखाखालून गडद. ब्लॅक-चेस्टेड स्नेक ईगल: पोट कोरं पांढरं, पाय उघडे, पंखाखालून पांढरा. ठिपके दूरून दिसत नाहीत, पण पंखाखालचा रंग दिसतोच.

बॅटलर मोठा झाला की प्रश्न नाही: शेपूट जवळपास नाहीच, तोंड आणि पाय लाल, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा झोके घेत उडतो. खालून पंखाची मागची काळी किनार रुंद तर नर, बारीक तर मादी. पिल्लू मात्र पूर्ण तपकिरी, शेपूट थोडी लांब, आणि चेहऱ्याची कातडी हिरवट-निळी. मोठ्यांची पिसं यायला त्याला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे असे तपकिरी बॅटलर भरपूर दिसणार. 'नवीन गरुड' म्हणून मोजून टाकू नका.

पाऊस पडून गेला आणि पंखवाली वाळवी उठली की गाडी तिथंच थांबवा. स्टेप आणि लेसर स्पॉटेड जमिनीवर कोंबड्यांसारखे वाळवी टिपत हिंडतात. एकाच माळावर तीन-चार जाती शेजारी शेजारी, खुणा ताडून बघायला यापेक्षा चांगली शाळा नाही. वाळवीचा हा खेळ तासाभरात आटोपतो, म्हणून सर थांबल्या थांबल्या कॅम्पातून गाडी काढा.

गिधाडांबद्दल एकच. तिकडचं व्हाइट-बॅक्ड आणि आपलं पांढऱ्या पाठीचं गिधाड या वेगळ्या जाती आहेत, ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर) नाव निवडताना सवयीनं आपलं दाबलं जातं. मढ्यावर पाच मिनिटं बघून निघू नका. आधी व्हाइट-बॅक्ड गर्दी करतात, मग दांडग्या चोचीचं, गुलाबी-लाल डोक्याचं लॅपेट-फेस्ड येऊन सगळ्यांना बाजूला सारतं. काठावर बारीक चोचीचं हूडेड तुकडे वेचत असतं. निळ्या-लाल चोचीचं व्हाइट-हेडेड दिसलं तर दिवस सार्थकी. आपल्याकडे डायक्लोफिनॅकनं गिधाडं संपवली, जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. तिकडे मोठा घाव विषाचा आहे. घिरट्या घालणाऱ्या गिधाडांमुळे वनरक्षकांना मेलेल्या हत्तीचा पत्ता लागतो, म्हणून शिकारी मढ्यालाच विष लावतात.

शिकाऱ्यांना पत्ता लागू नये म्हणूनच गेंड्याचा फोटो तिथून टाकू नका. मोबाइलचं लोकेशन बंद ठेवा.

कवड्या_खंड्या (वरोरा)

दुर्बिणीचं. १०×५० गाडीतून त्रास देते. वजन जवळजवळ किलोभर, दृश्य अरुंद, आणि दहापट म्हणजे हाताचा कंपही दहापट. झाडीत उडणारा पक्षी सापडेपर्यंत गेलेला असतो. ८×४२ घ्या, आणि चौघांत दोन चालणार नाहीत, चौघांना चार. दुर्बीण मागून घेईपर्यंत पक्षी थांबत नाही. चष्मा असेल तर दुर्बिणीची डोळ्याकडची कड फिरवून आत घ्या, नाही तर कडेला काळं वर्तुळ दिसतं.

काच धुकाळते ती एसीमुळे. थंड गाडीतून दमट हवेत दुर्बीण काढली की पाणी धरते, आणि पुसून उपयोग नसतो, परत धरते. सकाळी एसी बंद, काचा खाली. एवढंच.

गाडी थांबली की इंजिन बंद करा. चालू इंजिनाच्या थरथरीत कॅमेऱ्याचा फोटो फसतो. हत्ती जवळ असेल तर मात्र चालूच ठेवा. पन्नास मीटर तरी अंतर, मागे वळायला रस्ता मोकळा. कानशिलाजवळ ओल ओघळतेय आणि मागून लघवी ठिबकतेय असा नर दिसला तर थांबून बघायचं नाही, सरळ मागे घ्यायचं. नऊनंतर दूरच्या पक्ष्याचे फोटो काढू नका. डांबराची झळ फोटोत उतरते आणि लोक लेन्सला दोष देतात.

बीनबॅग शिवून न्या, विकत घेऊ नका. जुन्या जीन्सच्या पायाचा ३० सेंटिमीटरचा तुकडा, मधोमध आडवी शिवण मारून दोन कप्पे, प्रत्येकाला चेन. खिडकीच्या काचेवर खोगिरासारखी बसली पाहिजे, एक कप्पा आत, एक बाहेर. इथून रिकामी न्यायची. लाखोळी किंवा तांदूळ भरून नेलात तर विमानतळावर धान्य-बियाणं म्हणून अडवतील. तिथल्या दुकानातून तांदूळ घ्या, दोन्ही कप्प्यांत निम्मा-निम्मा. गच्च भरू नका, तीन-चतुर्थांशच, नाही तर लेन्स बसत नाही, घसरते. शेवटच्या रात्री त्याच तांदळाचा भात.

आणखी एक बिनखर्चाची गोष्ट. तिकडचे प्लग म्हणजे आपल्या गीझर-कुलरचा मोठा तीन गोल पिनांचा १६ अँपिअरचा प्लग. मोबाइल चार्जरची बारीक पिन बसत नाही. कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ६ चं १६ करणारं कन्व्हर्टर मिळतं, तेच घ्या, तीन-चार. 'आंतरराष्ट्रीय अ‍ॅडाप्टर' म्हणून जे महाग विकतात, त्यांपैकी कितीतरींना ही पिन नसतेच.

मर्लिनचा (पक्षी ओळखायच्या अ‍ॅपचा) दक्षिण आफ्रिकेचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून घ्या. कॅम्प सोडला की रेंज जाते. आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. विणीचा काळ आहे, घरट्यावरचा पक्षी उठतो आणि मागे माकडं टपलेली असतात.

माकडांवरून आठवलं, बऱ्याच खोल्यांचा फ्रिज व्हरांड्यात असतो आणि बबून तो उघडतात. कडी लावल्याशिवाय पहाटे निघू नका.

बोडीकाठ (अर्जुनी मोरगाव)

लय मोलाचं सांगितलं सगळ्यांनी. चुडीदार आणि ढगळ पायजमा आमच्या मास्तरानं फळ्यावर काढला.

दोन शंका. अमूर ससाणा आणि चातक, हे आपल्याकडून तिकडे जाणारे. तिथं भेटतील का? आणि लायसन्स, सुया-गोळ्यांचं काय?

तलावफेरी (भंडारा)

अमूर ससाणे नागालँड-मणिपूरला थांबून, भारत ओलांडून अरबी समुद्रावरून सोमालियाकडे आणि तिथून खाली उतरतात. जानेवारीत ते दक्षिण आफ्रिकेत असतातच, पण क्रूगरपेक्षा वाटेतल्या उंच माळावर जास्त. जोहान्सबर्गहून एन-४ नं जाताना पहिले दोन-अडीच तास विजेच्या तारांकडे लक्ष ठेवा. ओळीनं बसलेले लहान ससाणे दिसले तर त्यांत लेसर केस्ट्रेलही मिसळलेला असतो. अमूर नर राखाडी, मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी, पंखाखाली पुढचा भाग पांढरा. मात्र महामार्गाच्या कडेला गाडी लावू नका, पुढच्या पंपावर थांबून तिथल्या तारा बघा.

चातकाचं जरा जपून. क्रूगरमध्ये उन्हाळ्यात चातक असतो, पण गळ्यावर बारीक रेघा असलेली तिकडची उपजातही असते. आपल्याकडे मृगाला येतो त्याचा गळा कोरा. गळ्यावर ठसठशीत, जाड रेघा आणि अंगानं मोठा असेल तर तो चातकच नाही, लेव्हेलंट्स ककू आहे. 'आपला चातक सापडला' असं लिहिण्याआधी गळ्याचा फोटो बघा.

औषधपेटी (सिरोंचा)

मलेरिया: क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे आणि जानेवारी भर हंगामात येतो. घरातल्या क्लोरोक्विनच्या गोळ्यांवर जाऊ नका, आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर (मलेरियाच्या घातक प्रकारावर) त्या चालत नाहीत. डॉक्टर बहुधा दोनपैकी एक देतील. अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिल एक-दोन दिवस आधी सुरू करून बाहेर पडल्यावर ७ दिवस घ्यायची, किंवा डॉक्सीसायक्लीन, जी परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायची. दुसरी स्वस्त, पण तिनं उन्हात कातडी भाजते, आणि खिडकीवर टेकलेला हात दिवसभर उन्हात असतो. लोक फसतात ते शेवटी. गावी आलो, बरं वाटतंय, म्हणून गोळ्या बंद. परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिलं वाक्य 'आफ्रिकेतून आलोय' हे असलं पाहिजे.

पिवळा ताप: भारतातून थेट किंवा आखाती देशांतून गेलात तर लस लागत नाही. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे गेलात आणि थांबा १२ तासांहून लांबला तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते, आणि परत येताना आपल्या विमानतळावरही विचारणा होऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, दाखला टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होतो. साठीच्या वरच्यांनी आधी डॉक्टरांशी बोला. स्वस्त तिकिटाच्या नादात लांब थांबा घेण्यापेक्षा मार्ग बदललेला परवडतो.

पांदणरस्ता (ब्रह्मपुरी)

लायसन्सचं: आरटीओत फॉर्म ४अ भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, एक वर्ष चालतो. व्हिसा आणि तिकीट जोडावं लागतं, म्हणून क्रम व्हिसा, मग तिकीट, मग परवाना. दोघांचा काढा, चालवणारा एकच ठेवू नका. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते.

खरा खोळंबा वेगळ्याच ठिकाणी होतो. गाडी देणारे अनामत क्रेडिट कार्डावर अडकवतात आणि ते कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. डेबिट कार्ड, भावाचं कार्ड, रोख, यांवर बरेच जण गाडी देत नाहीत. चौघांत ज्याच्याकडे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं क्रेडिट कार्ड आहे, तोच कागदावर मुख्य चालक.

कॅम्पचं बुकिंग उद्यानाच्या संकेतस्थळावर. लोअर साबी आधी संपतं. ते मिळालं की बाकीच्या तारखा त्याभोवती बसवा. गाडीत रोज जागा बदला. डाव्या मागच्या खिडकीत बसणाऱ्याला नदीकडची बाजू मिळाली तर परतताना ती उजवीकडच्याला जाते, पण उन्हाची तिरीप एकाच्याच डोळ्यात राहते.

बोडीकाठ (अर्जुनी मोरगाव)

ठरलं. जानेवारीचा तिसरा आठवडा, दक्षिणेचीच मांडणी, पाफुरी पुढच्या खेपेला. गाडी उंच. रोवणी आठवडाभर पुढं, मजुरांशी बोलणं झालं. १०×५० दोन्ही घरीच ठेवतो मग.

कवड्या_खंड्या (वरोरा)

एक न्या. सनसेट डॅमवर गाडी उभी असते, बीनबॅगवर टेकवली की कंप जातो. पलीकडच्या काठावर मगरीजवळ उभा असलेला बारीक चिखल्या ८ नं ओळखू येत नाही, १० नं येतो.